बांधाची नाडी कोण पाहणार?

२७ सप्टेंबर २००८ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात मातीचा एक बांध कोसळला आणि त्याबद्दल कोणीही हळहळले नाही. बांध शंभर मीटर लांब आणि सहा मीटर उंच, म्हणजे दुमजली घराएवढा होता. तो उभारलाच होता मुळी पाडण्यासाठी. आत वाळू, वरून चिकणमातीचे अस्तर. माथ्यावर पाण्याच्या टाक्या ठेवून भार वाढवत न्यायचा, पायथ्याशी चर खणायचा, पोटातल्या वाळूत पाणी मुरवायचे आणि बांध केव्हा दम सोडतो ते पाहत बसायचे, असा तो प्रयोग. या बांधाच्या पोटात निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली मोजमापाची उपकरणे पुरून ठेवली होती. त्यांना संवेदक म्हणा, किंवा आता सगळेच म्हणतात तसे सेन्सर म्हणा. बांधाची एक बाजू अखेर खाली घसरली तेव्हा सर्वांना उत्सुकता होती ती एकाच गोष्टीची. हे कोणाच्या उपकरणाला आधी कळले होते?

या जागेचे नावच 'आयकडायक'. डच भाषेत 'डायक' म्हणजे बांध आणि 'आयकन' म्हणजे वजनमापे तपासून त्यांवर खरेपणाचा शिक्का मारणे. आपल्या बाजारात किराणा दुकानदाराची वजने वजनमापे खात्याचा निरीक्षक तपासून जातो ना, तसेच. फरक इतकाच, की इथे तागडीत किलोचे वजन नव्हते, बांध होता. आणि शिक्का हवा होता तो बांध फुटण्यापूर्वी ओरडण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांना.

बांध राखण्यासाठी सेन्सर विकणे हा धंदा होऊ शकतो, ही कल्पना डच मंडळींच्या डोक्यात पक्की बसली ती या सुमारास. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या तरुण इंजिनिअरांनाही तिने भुरळ घातलेली दिसते. स्वस्त चिप, मोबाइलचे जाळे, सौर पट्टी, वर संगणकाची हुशारी, मग काय अवघड आहे, असे कोणालाही वाटावे. अवघड काय आहे तेच आज थोडे तपशिलात पाहू. कारण यातला यंत्राचा भाग बऱ्यापैकी सुटलेला आहे. न सुटलेला भाग वेगळाच आहे आणि तो गिऱ्हाइकाचा आहे.

ग्रोनिंगेनच्या त्या प्रयोगाच्या बरोबर चाळीस दिवस आधी, १८ ऑगस्ट २००८ रोजी, नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला. हा काही प्रयोग नव्हता. नदी आपले दोन बांधांमधले पात्र सोडून जुन्या वाटेने निघाली आणि बिहारच्या सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया भागांतून पसरली. तीस लाखांहून अधिक लोकांचे संसार तिने उधळून लावले. या घटनेतली सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट अशी, की त्या दिवशी कोसीला मोठा पूर नव्हताच. बांधांची रचना साडेनऊ लाख क्युसेक प्रवाहासाठी केलेली होती आणि बांध फुटला तेव्हा प्रवाह होता दीड लाखाच्या आसपास. नदीची पातळी सांगणारे यंत्र त्या दिवशी कितीही अचूक चालले असते, तरी त्याने 'सर्व ठीक' असाच निरोप दिला असता.

पूर म्हणजे पाणी वाढत वाढत बांधाच्या माथ्यावरून पलीकडे पडणे, असे चित्र आपल्या मनात असते. तसे होतेही. पण बांध पुष्कळदा त्याआधीच, आतून जातो. २००५ साली कॅटरिना वादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथल्या सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत ढकलली गेली तेव्हा पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलेही नव्हते. पायाखालची मऊ माती सरकली होती. आणि विल्निसची गोष्ट तर त्याहून चमत्कारिक. नेदरलँड्समधील या गावाजवळचा कालव्याचा बांध ऑगस्ट २००३ मध्ये फुटला, तो भर उन्हाळ्यात. पाऊस नाही, वादळ नाही, उलट दुष्काळ! तो बांध होता पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या हलक्या मातीचा. उन्हाने त्यातले पाणी उडाले, बांधाचे वजन घटले आणि मागच्या पाण्याच्या रेट्याने तो बाजूला सरकला. दीड-दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली. शेकडो वर्षे बांधांवर जगलेल्या देशाला, कोरडा बांधही फुटतो हे त्या दिवशी नव्याने शिकावे लागले.

मातीच्या पोटात काय चालते?

ज्यांनी लहानपणी दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे त्यांना बांधाचे अर्धे शास्त्र ठाऊक असते. माती अगदी कोरडी असेल तर बुरूज उभा राहत नाही. किंचित ओलावा असला की छान उभा राहतो. धाकट्या भावंडाने वरून तांब्याभर पाणी ओतले की मात्र सगळा किल्ला बसतो. मातीचे कण एकमेकांना घट्ट टेकून असतात, त्या घर्षणावर बांध उभा असतो. कणांमधल्या पोकळीत पाणी शिरून त्याचा दाब वाढला की ते कणांना एकमेकांपासून दूर रेटते, घर्षण कमी होते आणि एका क्षणी संपूर्ण उतार घसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला शेवटच्या घटकेपर्यंत हिरवे गवत तेवढे दिसते.

दुसरा प्रकार अधिक लबाड. बांध उत्तम चिकणमातीचा आहे, पण त्याच्या खाली वाळूचा थर आहे. नदीचे पाणी चढले की ते या थरातून बांधाखालून वाट काढते आणि पलीकडच्या शेतात उमाळ्यासारखे वर येते. उमाळा स्वच्छ पाण्याचा असला तर फारशी काळजी नाही. त्याबरोबर वाळू येऊ लागली, उमाळ्याभोवती वाळूचा छोटा ढीग साठू लागला, की समजावे बांधाखाली बीळ तयार होते आहे. ते उलट्या दिशेने, नदीकडे, वाढत जाते. नदीला मिळाले की बांध खचतो.

अशा वेळी काय करायचे? आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एका डच मुलाची गोष्ट ऐकलेली असते, ज्याने बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर देश वाचवला. ही गोष्ट मुळात डच नाहीच. मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या 'हान्स ब्रिंकर' या कादंबरीमुळे ती जगभर गेली, आणि त्यातल्या या मुलाला नावही नाही. हान्स हा कादंबरीचा नायक वेगळाच. पुढे परदेशी प्रवासी येऊन विचारू लागले म्हणून १९५० मध्ये स्पार्नडाम गावात मुलाचा पुतळा उभा करण्यात आला. डच बांधरक्षकांना मात्र शिकवले जाते ते याच्या नेमके उलट. वाळूचा उमाळा कधीही बुजवायचा नाही. बुजवला तर पाणी दुसरीकडून वाट काढते. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे विहिरीच्या कठड्यासारखे कडे रचायचे आणि आत पाणी साचू द्यायचे. आतली पातळी चढली की दोन्ही बाजूंच्या पाण्यातली उंचीची तफावत कमी होते, जोर मंदावतो, वाळू वाहणे थांबते. बोट घालण्यापेक्षा हे काम कमी शौर्याचे आहे खरे.

२००९ च्या शरद ऋतूत आयकडायकवर याच प्रकाराचे चार प्रयोग झाले. वाळूवर बांध घालायचा, एका बाजूचे पाणी चढवत न्यायचे आणि खालून बीळ कसे वाढते ते मोजायचे.

मोजायचे कशाने? सर्वांत जुने साधन म्हणजे बांधात उभी रोवलेली नळी. आतल्या पाण्याची पातळी फीत सोडून मोजायची, वहीत लिहायची. त्याच्या पुढची पायरी तंबोरा जुळवणाऱ्याला लगेच समजेल अशी आहे. एका डबीत ताणलेली तार असते. पाण्याच्या दाबाने डबीचा पडदा हलतो, तारेचा ताण बदलतो, आणि विजेच्या झटक्याने तार छेडली की तिचा सूर बदललेला आढळतो. सुरावरून दाब काढायचा. ही उपकरणे धरणांत कित्येक दशके वापरात आहेत. त्यानंतर आल्या एकाच माळेत दाब, तापमान आणि कल मोजणाऱ्या छोट्या डब्या. ग्रोनिंगेनच्या बांधात अशा माळा होत्या.

यांच्यात एकच उणीव. त्या जिथे पुरल्या तिथलेच सांगतात, आणि बांध शेजारच्या दहा मीटरवर फुटला तर त्यांना पत्ता नसतो. म्हणून दुसरी युक्ती निघाली ती काचतंतूची, म्हणजे टेलिफोनसाठी जमिनीखाली टाकतात त्याच ऑप्टिकल फायबरची. बांधाच्या पायथ्याशी सलग काचतंतू पुरायचा आणि एका टोकाने त्यात प्रकाशाचे ठोके सोडायचे. परत येणाऱ्या अंधूक प्रकाशावरून तंतूच्या जवळजवळ प्रत्येक मीटरवरचे तापमान कळते. पाझरून आलेले नदीचे पाणी भोवतालच्या मातीपेक्षा थंड किंवा उबदार असते, त्यामुळे पाझर कुठे आहे ते उमगते. तिसरी नजर आकाशातली. उपग्रहावरचे रडार एकाच जागेची पुनःपुन्हा चित्रे घेते आणि त्यांच्या तुलनेवरून जमीन काही मिलिमीटर खचली तरी लक्षात येते. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून निघालेल्या अशा एका कंपनीने आपले नाव 'हान्स्ये ब्रिंकर' असेच ठेवले होते! २०१४ पासून युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची अशी माहिती कोणालाही फुकट मिळते. भारताच्या 'इस्रो'ने अमेरिकेच्या 'नासा'सह बनवलेला 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तोही दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. तेव्हा डोळ्यांची वाण नाही.

रोज एक खोटी हाक

कागदावर इतके जमल्यावर माणूस धंद्याचे गणित मांडायला बसतो. नेदरलँड्समध्ये मुख्य पूरसंरक्षक बांध साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास आणि कालव्यांचे, दुय्यम बांध त्याच्या चौपटीच्या घरात. बिहारमध्येच नदीकाठचे बांध साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. किलोमीटरला इतके सेन्सर, सेन्सरला इतकी किंमत, गुणाकार केला की डोळे दिपतात. आणि तरीही आज नेदरलँड्समधील बहुतेक बांधांत एकही सेन्सर नाही. पाणी चढले की अजूनही माणसेच बांधावरून चालतात. त्यांच्यात पगारी आहेत तसे स्वयंसेवकही. त्यांना 'बांधसेना' म्हणतात. हातात कंदिलाऐवजी विजेरी आणि मोबाइल आला, एवढाच बदल. हे असे का?

पहिले कारण खोट्या हाकांचे. समजा एक उपकरण इतके चांगले आहे की हजार दिवसांत एकदाच चुकीचा इशारा देते. अशी हजार उपकरणे बसवली की सरासरीने रोज एक खोटा इशारा ठरलेला. लांडगा आला रे आला! पंधरा दिवसांत कंट्रोल रूममधला माणूस घंटा बंद करून ठेवील, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? म्हणून एकट्या उपकरणावर विसंबून चालत नाही. शेजारच्या उपकरणांशी ताळा घ्यावा लागतो, बांधाची रोजची रीत माहीत असावी लागते. २००९ ते २०१२ या काळात युरोपीय संघाच्या 'अर्बनफ्लड' प्रकल्पात नेमके हेच करून पाहिले गेले. नेदरलँड्समधील एम्सहावेन बंदराजवळचा समुद्री बांध, इंग्लंडमधील बॉस्टन गावचा बांध अशा ठिकाणचे आकडे संगणकाला देऊन त्याला बांधाचे निरोगी वागणे शिकवायचे, आणि त्याहून निराळे काही दिसले तरच बोल म्हणायचे.

एम्सहावेनला यात एक सोय होती. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. भरतीबरोबर बांधाच्या पोटातला दाब थोड्या उशिराने चढतो, ओहोटीला उतरतो. बांध जणू श्वास घेत असतो. हा उशीर किती, चढ किती, हे एकदा समजले की त्यातला बदल लगेच टोचतो. वर्षाला सातशे भरत्या, म्हणजे सातशे परीक्षा. आपल्या धरणाचे तसे नाही. ते वर्षातून एकदा भरते, एकदा रिकामे होते. पाच वर्षे मोजमाप केले तर हाती धडे पाचच. यंत्राला शिकवायचा हा धीमा अभ्यासक्रम गुंतवणूकदाराच्या धीरात बसत नाही.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावातले आहे आणि त्याबद्दल उघड कोणी बोलत नाही. बांधाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. आज बांध फुटला तर तो 'अभूतपूर्व पावसाने' फुटतो. उद्या सेन्सर बसवल्यावर फुटला, तर तीन आठवडे आधी दाब वाढत होता हे आलेखावर दिसते, आणि तो आलेख चौकशी समितीपुढे जातो. एकदा मोजले की माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. अशा मालाला गिऱ्हाईक मिळवणे म्हणजे आरसा विकण्यासारखे आहे. ज्याला आपले तोंड पाहायचे नाही त्याला तो कितीही स्वस्त दिला तरी महाग.

मग डच लोकांना थोडे तरी यश कसे आले? तिथे बांध सरकारी खात्याचे नसून 'वॉटरस्खाप' नावाच्या जलमंडळांचे आहेत. ही मंडळे तेराव्या शतकापासूनची. आज ती एकवीस आहेत, त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि ती स्वतंत्र कर वसूल करतात. पूर्वी तर आपल्या वाट्याचा बांध राखणे ज्याला झेपत नसे त्याने बांधात फावडे रोवून निघून जायचे. जो ते फावडे उपटील त्याची जमीन आणि त्याचाच बांध. असा कडक कायदा असलेल्या देशात बांधाचा हिशेब घराघरात समजतो. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र आत आला आणि १,८३६ माणसे गेली, ती आठवण वेगळीच. मुख्य म्हणजे पैसे देणारा आणि बुडणारा तिथे एकच आहे. कोसीकाठी ज्याचे घर बुडणार तो गिऱ्हाईक नाही, आणि जो गिऱ्हाईक आहे त्याचे घर बुडणार नाही.

तिथल्या चतुर विक्रेत्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. 'आम्ही तुम्हाला धोक्याची घंटा देतो' असे म्हणून फार माल खपत नाही. घंटा वाजेपर्यंत तिचा उपयोग शून्य. त्याऐवजी 'तुमचा बांध खरोखर किती मजबूत आहे ते सांगतो' म्हटले की ऐकणारा सरसावून बसतो. २०१७ पासून तिथे बांधांचे नवे कडक निकष लागू झाले. २०५० पर्यंत दीड हजार किलोमीटरहून अधिक बांध मजबूत करायचे आहेत आणि एका किलोमीटरचा खर्च कित्येक दशलक्ष युरोंत जातो. मातीबद्दल खात्री नसते तेव्हा इंजिनिअर वाईटात वाईट धरून चालतो. काही वर्षे पोटातला दाब मोजला आणि तो गृहीत धरल्यापेक्षा कमी भरला, तर काही बांधांचे काम हलके करता येते, काहींचे पुढे ढकलता येते. वाचलेल्या पैशातून मोजणाऱ्याचा खर्च कितीदा तरी निघतो. म्हणजे सेन्सरवाला खरे तर विकतो ते बांधाबद्दलचे ज्ञान. घंटा त्याबरोबर मिळते.

खेकडे, उंदीर आणि आपण

यात महाराष्ट्राचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. सांगली-कोल्हापूरला पूर येतो तो बहुतेक उघड्या काठांवरून, हे खरे. तिथे राखायला बिहारसारखे लांबच लांब बांध नाहीत. पण देशातल्या जवळपास सहा हजार मोठ्या धरणांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मातीची आहेत. शिवाय कालवे, पाझर तलाव, खारबांध.

पुण्यातल्या जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ ही तारीख सांगावी लागत नाही. अपुऱ्या अवस्थेतले पानशेतचे मातीचे धरण भरू दिले गेले, पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान तिथे वाळूची पोती रचत होते. म्हणजे बांध बसतो आहे हे कळायला कोणताही सेन्सर लागला नव्हता; ते उघड्या डोळ्यांना दिसत होते. सकाळी धरण फुटले, मागोमाग खडकवासलाही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतल्या बहुतेकांना कळले ते पाणी दाराशी आल्यावर. धरणापासून घरापर्यंतचा जो निरोप पोचला नाही, त्याची सोय कोणत्याही डबीत नसते.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी, ग्रोनिंगेनच्या प्रयोगाला त्याच तारखेला दहा वर्षे होत असताना, पुण्यातच दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि कोरड्या दिवशी जनता वसाहतीच्या बाजूच्या घरांतून पाणी घुसले. कालव्याला उंदीर-घुशींनी, खेकड्यांनी पोखरले, असे तेव्हा जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसेक माणसे वाहून गेली. तेव्हाही जलसंधारण मंत्र्यांनी बोट दाखवले ते खेकड्यांकडे. लोक हसले, चिडले. वास्तविक प्राणी बांध पोखरतात ही गोष्ट खोटी नाही. डच जलमंडळे पाणउंदीर पकडायला वर्षभर माणसे नेमून ठेवतात, कारण त्यांची बिळे बांधाला घातक. पण मग खेकडा हे कारण नसून देखरेखीची एक ओळ आहे, नाही का? तिवऱ्याच्या लोकांनी धरणाला गळती असल्याचे आधीच कळवले होते. गळती मोजण्याचे साधन तर सर्वांत स्वस्त: पायथ्याच्या चरात खाच पाडलेली एक फळी आणि खाचेतून किती उंचीने पाणी वाहते ते पाहायला पट्टी. पाणी गढूळ झाले का, हे पाहायला डोळे.

आपल्याकडे उपकरणे बसत नाहीत असेही नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांवर ती ठेवणे मालकावर बंधनकारक केले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या धरण पुनर्वसन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रही आहे. चिंता बसवल्यानंतरची. महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात देशातल्या पूरविषयक व्यवस्थेची पाहणी मांडली, तीत नदीची माहिती आपोआप पाठवणाऱ्या ३७५ जुन्या केंद्रांपैकी २२२ बंद आढळली होती. हे सोपे काम होते, पाण्याच्या वरचे. मातीत पुरलेले उपकरण तर काढून दुरुस्तही करता येत नाही. विजेचा लोळ येतो, उंदीर केबल कुरतडतात, सौर पट्टी कोणीतरी घरी नेतो. त्यामुळे निविदा काढताना 'इतके नग पुरवणे व बसवणे' असे लिहिले की धंदा बसवण्याच्या दिवशीच संपतो; फोटो निघतो, बिल निघते. पैसे द्यायचे ते चालू राहिलेल्या दिवसांचे. ज्या दिवशी आकडा आला त्या दिवसाचे भाडे, नाही आला तर नाही. अशा कराराला तयार होणारी कंपनी उपकरण कसे जपते ते पाहण्यासारखे असेल.

सुरुवात कुठून करावी? माझे मत विचाराल तर मोठ्या धरणांपासून नव्हे, कोकणातल्या खारबांधांपासून. रायगडात पेण-अलिबागकडे खाडीकाठी समुद्राचे पाणी अडवून भातशेती करण्याची रीत जुनी आहे. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यापूर्वी हे बांध प्रामुख्याने शेतकरीच मिळून राखत. डच जलमंडळांशी याचे नाते सहज जुळते. गोव्यातल्या खाजन जमिनींचे बांध आणि त्यांवरच्या 'मानशी' गावकरीने राखल्या, तोही याच कुळातला प्रकार. उधाणाला बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे तिथे भात पिकत नाही. पण एम्सहावेनप्रमाणे इथेही भरती दिवसातून दोनदा येते. म्हणजे जे धडे शिकायला पानशेतच्या भरावावर शतके लागतील ते धरमतरच्या खाडीवर वर्षभरात मिळतील, आणि शिकताना चूक झाली तर किंमत शेताएवढी असेल, शहराएवढी नाही. अडचण उघड आहे: भाताच्या उत्पन्नातून सेन्सरचे पैसे निघत नाहीत. ते खर्चायचे ते शिकवणीची फी म्हणून, आणि खर्चायचे सरकारनेच. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून उभे आहे, नाशिकला 'मेरी' आहे. शंभर मीटर बांध घालून तो मुद्दाम फोडून पाहण्याइतकी माती आणि माणसे आपल्याकडेही आहेत.

कराराचा मसुदा कोणी लिहायला घेतला तर त्यात आणखी एक कलम घालावे. रात्री दोन वाजता उपकरणाने इशारा दिला तर तो कोणाच्या फोनवर वाजेल, आणि खालची वस्ती हलवण्याचा शब्द त्याने कोणालाही न विचारता द्यायचा की नाही, हे नावानिशी लिहिलेले असावे. त्याची बदली झाली की नवे नाव त्याच दिवशी.